सगळ्या घरासाठी पहिला गेम कन्सोल कसा निवडावा

दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला आम्ही सगळे फोंडा तालुक्यातल्या मूळ घरी जमलो होतो, तेव्हा आखातात नोकरीला असलेल्या माझ्या चुलतभावाने मुलांसाठी निन्टेन्डो स्विच लाइट हा गेम कन्सोल, म्हणजे गेम खेळायचे यंत्र, आणला होता. आरत्या झाल्या, जेवणे झाली, आणि मग नऊ मुले व तीन मोठी माणसे साडेपाच इंचांच्या त्या पडद्याभोवती एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून उभी राहिली. टीव्हीला जोडायची केबल सापडेना म्हणून आधी खोके आणि मग भावाची अख्खी बॅग उपसून झाली. तासाभराने कळले, की केबल हरवलेलीच नव्हती, कारण स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नाही. वस्तू चांगली होती, पैसेही वाया गेले नव्हते. पण ती एका मुलाने एकट्याने हातात धरून खेळण्यासाठी बनवलेली होती आणि आमच्याकडे ती सगळ्या घरासाठी आली होती.

म्हणून पहिला कन्सोल घेताना यंत्राची ताकद, पडद्यावरच्या चित्राची स्पष्टता आणि दुकानदाराने सांगितलेले आकडे बाजूला ठेवून आधी घरातली माणसे मोजावीत, असे माझे मत आहे. घरात एकाच वेळी किती जण खेळायला बसणार आहेत, त्यांतले सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर माणूस कोण, आणि सगळे ज्या टीव्हीसमोर बसणार आहेत तो कसला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिली, की निम्मी निवड आपोआप होते. चांगल्या खेळणाऱ्याला कुठलाही कन्सोल चालतो. ज्याने आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरलेला नाही, त्याला पहिल्या दहा मिनिटांत गंमत वाटते की नाही, यावर तो कन्सोल सगळ्या घराचा होणार की एकट्या थोरल्या मुलाचा, हे ठरते.

आजच्या कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या दोन काड्या आणि दहाहून अधिक बटणे असतात. एका अंगठ्याने चालायचे आणि त्याच वेळी दुसऱ्याने मान वळवून पाहायचे, ही कसरत लहानपणापासून करणाऱ्याला काहीच वाटत नाही, पण साठी उलटलेल्या माणसाचे घोडे नेमके तिथेच अडते. माझ्या सासूबाईंना आम्ही आधी गाड्यांच्या शर्यतीचा गेम दिला होता आणि दोन वेळा भिंतीवर आदळल्यावर त्यांनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवून दिला. पुढे दिवाळीत एका शेजाऱ्यांकडे निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स हा २०२२ सालचा गेम होता. त्यातल्या बोलिंगमध्ये छोटा कंट्रोलर हातात धरून चेंडू टाकल्यासारखा हात फिरवायचा असतो आणि योग्य क्षणी बटण सोडायचे असते. सासूबाईंनी पदर खोचला, नारळ सोलताना लावतात तसा नेम लावला आणि दुसऱ्याच फेकीत दहाही पिना आडव्या केल्या. त्यानंतर तासभर त्यांनी कोणाला बसू दिले नाही. असा हातवाऱ्यांचा गेम खेळताना कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवायलाच हवी, नाहीतर तो समोरच्या टीव्हीवर किंवा शोकेसच्या काचेवर जाऊन आदळण्याचा धोका असतो.

बाजारात घरगुती कन्सोलची मुख्य घराणी तीन आहेत. निन्टेन्डोचा मूळ स्विच २०१७ साली आला, त्याची ओएलईडी पडद्याची आवृत्ती २०२१ मध्ये, आणि स्विच २ जून २०२५ मध्ये. लाइट वगळता हे सगळे टीव्हीलाही जोडता येतात आणि टीव्हीवर मालिका चालू असेल तेव्हा उचलून हातातही धरता येतात. एकच टीव्ही असलेल्या घरात ही सोय फार मोलाची ठरते. बाजूचे दोन छोटे कंट्रोलर काढून दोघांच्या हातांत दिले, की वेगळा खर्च न करता दोघांना बऱ्याच गेममध्ये लगेच खेळता येते. मारिओ कार्ट ८ डिलक्सच्या शर्यतीत चौघे एकाच टीव्हीवर बसू शकतात, आणि गाडी रस्त्यावरून उतरू नये अशी मदत चालू ठेवण्याची सोयही त्यात आहे, त्यामुळे पाच वर्षांचे पोरही शर्यत पूर्ण करते. लहान मुले आणि आजी-आजोबा असलेल्या घरासाठी माझे मत निःसंकोचपणे स्विचच्या बाजूने पडते. मूळ स्विचचे बहुतेक गेम स्विच २ वर चालतात, त्यामुळे नवे यंत्र घेतले तरी ओळखीच्यांकडची गेमची जुनी कार्डे (स्विचचे गेम डिस्कऐवजी छोट्या कार्डांवर येतात) उपयोगी पडतात. मात्र स्विच २ च्या काही गेमच्या डबीतल्या कार्डात गेम नसतो, ते केवळ किल्लीसारखे असते आणि गेम इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो. डबीवर तशी सूचना छापलेली असते, ती पैसे देण्याआधी वाचावी.

सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. मुले दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील, घरात फुटबॉलचे वेड असेल आणि टीव्ही मोठा व नवा असेल, तर हाच घ्यावा. अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम नावाचा एक छोटा आणि अतिशय गोड गेम यंत्रात आधीपासून भरलेला असतो, आणि नवख्या माणसाला कंट्रोलर शिकवण्यासाठी मला त्याहून चांगला गुरू सापडलेला नाही. इट टेक्स टू हा २०२१ सालचा गेम तर एकट्याने खेळताच येत नाही. दोघांनी मिळूनच पुढे जायचे असते, त्यामुळे नवरा-बायकोपैकी एकालाच गेमची आवड असेल, तर तो अवश्य आणावा. प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे गेम या यंत्रावर चालतात, पण प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर प्लेस्टेशन ५ साठीच्या गेमला चालत नाही, हे लक्षात ठेवावे. भाच्याकडचा जुना कंट्रोलर आणून दुसऱ्या खेळाडूची सोय करू, असा बेत अनेक घरांत यामुळेच फसतो.

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात ३४,९९० रुपयांना आला होता, आणि त्याचे आकर्षण गेम पास या वर्गणीत आहे. दरमहा ठरावीक रक्कम भरली, की पुष्कळ गेम खेळायला मिळतात आणि वर्गणी थांबली, की तेही थांबतात. ज्या घरात अजून आवड ठरलेली नाही, तिथे चार महिने दहा प्रकारचे गेम चाखून पाहायला ही पद्धत बरी आहे. मात्र सिरीज एसमध्ये डिस्क घालताच येत नाही, आणि ५१२ जीबीच्या आवृत्तीत गेमसाठी प्रत्यक्षात ३६४ जीबीच्या आसपास जागा उरते. मोठे गेम ५० ते १०० जीबीचे असतात, तेव्हा हिशेब करून पाहावा.

फुटबॉलविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गोव्यात बऱ्याच घरांत कन्सोलची चर्चा तिथूनच सुरू होते. फुटबॉल हा आपला राज्य खेळ आहे, आणि पावसाळ्यात गावच्या मैदानावर चिखल झाला, की मुले टीव्हीपुढच्या मैदानावर उतरतात. पूर्वी फिफा नावाने येणारी ही मालिका २०२३ पासून ईए स्पोर्ट्स एफसी या नावाने येते. २०२१ साली आलेल्या फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीगचा समावेश झाला, तेव्हा एफसी गोवाचा नारिंगी पोशाख कन्सोलवर पाहून आमच्या वाड्यावरच्या मुलांना झालेला आनंद मला आठवतो. सगळ्या घरासाठी या गेमचा उपयोग करायचा असेल, तर बाप आणि मुलगा यांनी एकमेकांविरुद्ध न खेळता एकाच संघात संगणकाविरुद्ध खेळावे. मुलगा आठव्या दिवशी बापाला ७-० ने हरवतो आणि बाप त्यानंतर कंट्रोलर हातात घेत नाही. एकाच संघात असले, की बापाच्या चुका मुलगा सावरून घेतो आणि दोघेही टिकतात. हा गेम दर वर्षी नवा येतो म्हणून दर वर्षी तो विकत घेण्याची गरज नाही. मागच्या वर्षीची डिस्क नव्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते आणि घरातल्या घरात खेळायला तेवढी पुरते.

खर्चाचा अंदाज बांधताना खोक्यावरच्या किमतीवर थांबू नये. पहिल्या वर्षाचा खर्च म्हणजे यंत्र, निदान एक जादा कंट्रोलर, दोन किंवा तीन गेम आणि लागल्यास ऑनलाइन खेळण्याची वर्गणी. मोठ्या कंपन्यांचा नवा गेम ४,००० ते ५,००० रुपयांना पडू शकतो, म्हणजे तीन गेममध्ये यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा खर्च होतो. चौघांच्या घरात कंट्रोलर मात्र चारच हवेत असे नाही. दोनांपासून सुरुवात करून पाळीपाळीने खेळावे आणि भांडणे फार झाली तर तिसरा आणावा. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला डबल ए आकाराचे सेल लागतात, त्यामुळे पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलची जोडी आणि चार्जर त्याच दिवशी घेतलेला बरा. प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर विकत घेतलेले बहुतेक गेम दुसऱ्या घरातल्या माणसाशी इंटरनेटवरून खेळायचे तर वर्गणी लागते. शेजारी शेजारी बसून खेळायला एक पैसाही लागत नाही. पहिले सहा महिने वर्गणी घेऊच नये, असा माझा सल्ला आहे.

आणखी थोडे थांबू, किंमत उतरेल, हा हिशेब या पिढीच्या यंत्रांच्या बाबतीत चुकला आहे. प्लेस्टेशन ५ ची डिस्कची आवृत्ती २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आली होती आणि २०२४ मध्ये त्याचीच सडपातळ आवृत्ती ५४,९९० रुपयांना आली. सणासुदीला सवलती मिळतात, त्या जरूर पाहाव्यात, पण वर्षानुवर्षे वाट पाहण्यात अर्थ नाही.

डिस्कची आवृत्ती घ्यावी की बिनडिस्कची, याविषयी दुकानात फारसे कोणी सांगत नाही. बिनडिस्कचे यंत्र स्वस्त पडते, परंतु मग प्रत्येक गेम कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून त्याच दुकानाच्या भावाने घ्यावा लागतो, तो कोणाला देता येत नाही आणि विकताही येत नाही. डिस्क असेल तर म्हापशातल्या मित्राचा गेम पणजीतल्या मुलाकडे आठवडाभर येतो, खेळून झाला की जुन्या वस्तूंच्या बाजारात जातो, आणि वाढदिवसाला आत्याने दिलेली भेट कागदात गुंडाळून देता येते. एकत्र कुटुंबांत आणि वाड्यांवर वस्तू फिरतात, त्यामुळे आपल्याकडे डिस्कचे जादा पैसे दोन वर्षांत वसूल होतात. सडपातळ प्लेस्टेशन ५ च्या बिनडिस्कच्या आवृत्तीला डिस्कचा भाग नंतर वेगळा विकत घेऊन बसवता येतो, तेवढी वाट उघडी आहे. गावात मोबाइलच्या डेटावरच इंटरनेट चालत असेल, तर बिनडिस्कच्या यंत्राचा विचारही करू नये.

आता आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या नातेवाइकांकडून येणाऱ्या कन्सोलविषयी. गोव्यात दर दुसऱ्या घरातले कोणीतरी बाहेर असते आणि स्वस्त मिळेल म्हणून त्याला यादी पाठवली जाते. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही, त्यामुळे येथील दुकानांत दिसणारे स्विच हे आयात केलेलेच असतात आणि त्यांवर दुकानदाराच्या शब्दापलीकडे हमी नसते. तेव्हा दुकानदार किती महिन्यांची हमी देतो, ती बिलावर लिहून देतो का, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती कुठे होते, हे विचारून मगच पैसे द्यावेत. प्लेस्टेशनची हमीदेखील साधारणपणे ज्या प्रदेशात तो विकला गेला तिथलीच असते, त्यामुळे दुबईत वाचलेले तीन-चार हजार रुपये यंत्र बिघडल्यावर महाग पडू शकतात; प्लेस्टेशन येथील अधिकृत दुकानातूनच घ्यावा. वीजपुरवठ्याची अडचण सहसा येत नाही, कारण ही यंत्रे १०० ते २४० व्होल्टवर चालतात आणि फार तर पिनेसाठी अ‍ॅडॉप्टर लागतो. सर्वांत मोठा फसवा सौदा जपानचा आहे. जपानमध्ये स्विच २ ची एक स्वस्त आवृत्ती मिळते, तिच्यात भाषा फक्त जपानी असते आणि जपान हा देश निवडलेले खातेच चालते. बोटीवरच्या भावाला किंवा मामाला कन्सोल सांगताना बहुभाषी आवृत्ती असे शब्द संदेशात स्पष्ट लिहावेत, आणि लाइट नको हेही लिहावे.

टीव्हीची तपासणी पाच मिनिटांची आहे. मागे एचडीएमआयची, म्हणजे कन्सोलची केबल जोडायची, मोकळी जागा आहे का ते पाहावे. केबलच्या किंवा डिशच्या खोक्याने एक जागा आधीच घेतलेली असते. टीव्ही फोर-के नसला, तरी सगळे कन्सोल साध्या फुल एचडी टीव्हीवर उत्तम चालतात, त्यामुळे कन्सोलसाठी टीव्ही बदलण्याच्या भानगडीत पडू नये. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करावा, म्हणजे बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल होणे यांतला उशीर कमी होतो. ‘मी वेळेवर दाबले होते’ ही तक्रार नेहमीच सबब नसते.

जागा निवडताना मात्र आपल्या हवेचा विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, त्या हवेत बंद कपाटात ठेवलेले यंत्रही सुखात राहात नाही. किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा धातूच्या जोडांना गंज आणते. कन्सोल उघड्या फळीवर, भिंतीपासून निदान चार इंच अंतर सोडून ठेवावा, चालू असताना त्यावर विणलेले आच्छादन घालू नये, आणि पावसाळ्यात कोणी खेळत नसले तरी आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालवावा, म्हणजे आतली उष्णता ओल धरू देत नाही. उबेला मुंग्या आणि पाली येतात. जवळ खाऊची ताटली ठेवण्याची सवय लागू देऊ नये.

पावसाळ्याच्या तोंडाशी वीज जशी जाते-येते, ती यंत्राला अधिक बाधते. गेम साठवला जात असताना किंवा नवे सॉफ्टवेअर उतरत असताना वीज गेली, तर साठवलेला मजकूर बिघडू शकतो. संगणकासाठी वापरतात तसा यूपीएस लावला, तर यंत्र नीट बंद करण्यापुरती दहा मिनिटे मिळतात; पण प्लेस्टेशन ५ मोठा गेम चालवताना एकटा सुमारे २०० वॅट घेतो, त्यावर टीव्हीचा भार येतो, हे यूपीएसची क्षमता निवडताना धरावे. ढगांचा गडगडाट सुरू झाला, की कन्सोलची पिन आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवाव्यात. नुसते बटण बंद करून भागत नाही. वीजबिलाची काळजी करणाऱ्या आजोबांसाठी हिशेब असा: रोज दीड तास खेळले तर प्लेस्टेशन ५ ला महिन्याला सुमारे ९ युनिट लागतात, आणि टीव्हीला जोडलेल्या मूळ स्विचला एक युनिटही लागत नाही.

मुलांच्या बाबतीत खोक्यावरचा वयाचा आकडा पाहावा. आपल्याकडे मिळणाऱ्या डिस्कवर बहुधा युरोपातल्या पेगी पद्धतीचे ३, ७, १२, १६ किंवा १८ असे आकडे असतात. हा आकडा गेममधल्या हिंसेविषयी, भाषेविषयी वगैरे सांगतो, गेम सोपा की अवघड हे सांगत नाही. आणि पैशांविषयी तर तो आजवर जवळजवळ गप्प राहिला आहे. ईए स्पोर्ट्स एफसी २५ या गेमवर ३ हा आकडा आहे, पण त्यात खेळाडूंची बंद पाकिटे खऱ्या पैशांनी विकत घेता येतात आणि पाकिटात कोण निघेल हे आधी कळत नाही. खोक्यावर गेममधील खरेदीविषयी बारीक अक्षरांत सूचना असते. त्यामुळे मुलाचे खाते त्याच्या खऱ्या वयानुसार आईवडिलांच्या खात्याखाली उघडावे, खर्चाची मर्यादा शून्य ठेवावी, आणि कन्सोलमध्ये कार्डाचा क्रमांक साठवून ठेवू नये. गेम विकत घ्यायचाच असेल, तर ठरावीक रकमेचे गिफ्ट कोड घ्यावेत. तिन्ही कंपन्या पालकांसाठी मोबाइलचे अ‍ॅप देतात आणि त्यातून रोजची वेळ ठरवता येते. वेळ संपली हे कन्सोलने सांगितले, की आईला सांगावे लागत नाही, आणि निम्मी कटकट तिथेच मिटते.

जुना कन्सोल घेणार असाल, तर तो विकणाऱ्याच्याच घरी टीव्हीला जोडून अर्धा तास चालवून पाहावा, काड्यांना हात न लावता पडद्यावरचे पात्र आपोआप सरकत नाही ना हे पाहावे, आणि इंटरनेटला जोडून कंपनीच्या ऑनलाइन दुकानात प्रवेश मिळतो की नाही ते तपासावे. सगळे गेम फुकट भरून दिलेला स्विच कोणी विकत असेल, तर तो घेऊ नये; असे छेडछाड केलेले यंत्र कंपनी ऑनलाइन सेवेतून कायमचे बाद करू शकते.

शेवटचे काम खरेदीनंतरचे, पण खोके मुलांना देण्यापूर्वीचे. नव्या कन्सोलला पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे लागते, गेमचीही सुधारित आवृत्ती उतरवावी लागते, आणि साध्या इंटरनेटवर यात दोन-तीन तास सहज जातात. म्हणून आदल्या रात्री मुले झोपल्यावर खोके उघडावे, बिलावरचा क्रमांक यंत्रावरच्या क्रमांकाशी ताडून बिलाचा फोटो काढून ठेवावा, खाती उघडावीत, कंट्रोलर चार्जिंगला लावावेत, एक गेम भरून ठेवावा आणि सगळे पुन्हा खोक्यात घालून वर रिबीन बांधावी.